अकरावं नाव

“घ्या ना मॅडम, पेढा उपासाला चालतो,” असं म्हणत सुमनताईंनी डब्याचं झाकण उघडलं, आणि पेढे कशाचे याचा अंदाज पद्माला विचारायच्या आधीच आला.

नेहरूनगरच्या मैदानावर सकाळचे साडेसहा वाजत होते. पॉलिग्रासच्या हिरव्या कृत्रिम गवतावर नुकतंच पाणी मारून झालं होतं. कॉलेजच्या मुली कडेनं धावत होत्या. सुमनताईंच्या पाठीमागं त्यांची लेक तनुजा उभी होती. रहाटणीची, यंदाच बारावी झालेली, हाडापेरानं दणकट अशी गोलकीपर. जुनी गोलकीपर मे महिन्यात पदवी घेऊन गेली, तिच्या जागी तनुजा येणार हे मार्चपासून ठरलेलं. ताथवड्याच्या कॉलेजातला तिचा प्रवेशाचा अर्जसुद्धा पद्मानं शेजारी बसून भरून घेतला होता.

“तनूचं झालं मॅडम. ओडिशात. ते लीगचे संघ असतात ना, त्यातल्या एकाची अकादमी आहे. राहणं-खाणं सगळं तिथंच. कॉलेज म्हणे बाहेरून करता येतं.”

“अहो, पण आपला प्रवेश...”

“तेच सांगायला आलो. म्हटलं, फोनवर सांगणं बरं दिसत नाही.”

पद्मानं तनुजाकडं पाहिलं. “तुझं काय म्हणणं, तनू?”

तनुजा बुटाच्या टोकानं पाणी उडवत होती. “मॅम, तिथं कीपरला वेगळा कोच असतो. फक्त कीपरला.”

 पद्माकडं गोलकीपरला हातमोजे मागितल्यापासून दीड वर्षानं मिळाले होते. तिनं पेढा घेतला, मनातल्या मनात देवाला दाखवला आणि तोंडात टाकला. “नाव काढ,” ती म्हणाली. तनुजा पाया पडली. मायलेकी फाटकाकडं गेल्या, तोवर पद्माचा हिशेब मनात पुरा झाला होता. तनुजा धरून बारा होत्या. आता अकरा. अकरा म्हणजे बरोबर एक संघ. एकीचा पाय मुरगळला तरी खेळ खलास.

पद्मा या कॉलेजात बावीस वर्षं क्रीडाशिक्षक होती. बावीस वर्षं मुलींचा हॉकी संघ विद्यापीठाच्या स्पर्धेला उतरत होता. कधी पहिल्याच फेरीत बाद व्हायचा, दोनदा उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. पण उतरला नाही असं एकही वर्ष नव्हतं. यंदा प्राचार्यांनी साफ सांगितलं होतं, “मॅडम, संघ उतरला तर हॉकी चालू. नाही उतरला तर पुढच्या महिन्यापासून सकाळची ही वेळ बंद करू. मुलांना बॉक्स क्रिकेट पाहिजे.” विद्यापीठाच्या अर्जावर किमान अकरा नावं लागायची, आणि अर्जाची मुदत शनिवारी संपत होती. आज गुरुवार.

पूर्वीही मुली मधेच सोडून जायच्या, नाही असं नाही. पण त्या जायच्या लग्न ठरलं म्हणून. तेव्हा पद्मा चप्पल पायात सरकवून थेट त्यांच्या घरी जायची आणि वडलांशी भांडायची. हळू आवाजात भांडायची, पण चहा गार होईस्तोवर उठायची नाही. आता मुली खेळ सोडून जात नव्हत्या. खेळासाठीच जात होत्या. भांडायचं कुणाशी?

समोरच्या टोकाला रश्मी एकटीच सराव करत होती. दुसऱ्या वर्षाची, देहूरोडची. डीच्या, म्हणजे गोलासमोरच्या अर्धवर्तुळाच्या, टोकावर दहा चेंडू ओळीनं मांडायचे, एकेक करत रिकाम्या गोलात मारायचे, मग स्वतःच जाऊन गोळा करून आणायचे. रोज असे दोनशे. संघाचा सराव सुरू व्हायच्या आधी तिचे शंभर झालेले असत. आज ती मधेच थांबली आणि स्टिक बगलेत धरून पद्माकडं आली.

“मॅम, एक विचारू? आपला विद्यापीठाचा फॉर्म गेला का हो?”

“का गं?”

“मला लेटर आलंय. भोपाळला ट्रायल दिली होती ना... तिथलंच. लीगच्या टीममध्ये घेतायत, राखीव म्हणून.” रश्मीचा आवाज एकदम बारीक झाला. “पण त्यांनी लिहिलंय, यंदा दुसरीकडं कुठंही नाव गेलेलं नको. गेलं असेल तर या सीझनला नाही. म्हटलं, फॉर्म गेला नसेल तर माझं नाव काढता येईल का?”

पद्माची एक जुनी पद्धत होती. कॉलेज उघडलं, की पहिल्याच दिवशी ती सगळ्या मुलींच्या सह्या कोऱ्या अर्जावर घेऊन ठेवायची. ऐन वेळी एक आजारी पडते, एक मावशीकडं जाते, धावाधाव नको. नावं नंतर भरायची. यंदाही तसंच केलं होतं. अर्ज भरून, शिक्का मारून तिच्या लोखंडी कपाटात ठेवलेला होता.

“गेला की,” पद्मा म्हणाली. “सोमवारीच गेला.”

इतक्या सहज तोंडातून निघून गेलं, की बोललं कोण असं तिलाच वाटलं.

रश्मीनं एकदा पापण्या मिटल्या. “ओके मॅम,” म्हणाली आणि परत जाऊन चेंडू ओळीनं मांडायला लागली.

ती रडली असती, हट्ट केला असता, निदान पाय आपटले असते तरी पद्माला बरं वाटलं असतं. त्या ‘ओके मॅम’नं दिवसभर तिचा पाठलाग केला. ‘पोरीची पदवी तरी पुरी होईल’ असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. ‘राखीव म्हणूनच तर घेतायत, बाकावर बसून काय शिकणार,’ असंही म्हणून पाहिलं. बाकावर बसणं म्हणजे काय, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पुण्याला कॉलेजात ती स्वतः तीन वर्षं राखीव होती, आणि तीन वर्षांत मिळून चौदा मिनिटं खेळली होती. संध्याकाळी उपास सोडताना तिनं वरणभाताचं ताट अर्ध्यावरच बाजूला सारलं.

तिचा एक नेम होता, घरात कुणाला सांगितलेला नव्हता. पहाटे पाचला आंघोळ करून तुपाचं निरांजन लावायचं, दत्ताची एक माळ ओढायची, आणि मग संघातल्या मुलींची नावं देवापुढं एकेक करून घ्यायची. नाव घ्यायचं आणि तिच्यासाठी काही मागायचं. हिचा गुडघा बरा होऊ दे. हिच्या घरी भांडणं आहेत, ती मिटू देत. ऋता कप्तान, म्हणून पहिलं नाव तिचं, मग बाकीच्या. रश्मी पहिल्या वर्षी सर्वांत शेवटी संघात आली, म्हणून तिचं नाव शेवटी, अकरावं.

शुक्रवारी पहाटे दहा नावं नेहमीसारखी झाली. अकराव्यापाशी जीभ अडली.

भोपाळची चाचणी झाल्यापासून रोज त्या नावापाशी आपण काय मागत होतो, ते तिला आठवलं. ‘हिला इथंच ठेव.’ महिनाभर, रोज. तिनं ती प्रार्थना मायेची समजली होती. एका लेकराच्या आड आपण साक्षात देवाला उभं करत होतो, हे तिला आत्ता, निरांजनाच्या उजेडात, हात जोडलेले असताना कळलं. तिनं डोळे उघडून मूर्तीकडं पाहिलं. त्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. तेच तिला सहन झालं नाही. नाव न घेताच ती उठली.

मैदानावर पोहोचली तर फाटकापाशी एक म्हातारा उभा होता. पांढरा सदरा, पांढरी विजार, पायांत कॅनव्हासचे बूट, हातात प्लॅस्टिकची फाइल.

“जय भीम, म्याडम. मी भिवा. रश्मीचा आजा.”

“नमस्कार, बाबा. या ना, बसा.” पद्मानं पायरीवरची धूळ झटकली. भांडायला आले असतील तर बरंच, असंही वाटून गेलं.

म्हातारा पायरीवर टेकला. “मी दारूगोळ्याच्या कारखान्यात व्हतो. छत्तीस वर्सं. तिकडं मिल्ट्रीची पोरं खेळायची, ती बघून आमीबी खेळायला लागलो. मातीत बरं का! चेंडू कुठनं उडंल न्येम न्हाई. ह्ये बगा,” त्यानं ओठ वर करून दोन दातांची मोकळी जागा दाखवली. “ह्यो एक मदराशी हवालदारानं पाडला, आन ह्यो आमच्याच मानसानं.”

पद्माला हसू आलं. म्हातारा पण हसला, मग फाइल पुढं करून म्हणाला, “ह्ये तेवढं वाचून दावा. विंग्रजी हाय. पोरगी म्हनती, आता फॉर्म गेला, वाचून काय करायचं? बराबर हाय तिचं, म्याडम. तुमी पयल्यापास्नं तिला शिकीवलं, तुमचा हक पयला. तक्रार न्हाई. पर मला ऐकायचं हाय तिच्याबद्दल काय लिवलंय ते. एकदा ऐकतो, मंग ट्रंकंत ठिवून देतो.”

पद्मानं कागद बाहेर काढला. एकच पान होतं. ती वाचायची, थांबायची आणि मराठीत सांगायची. तारखा झाल्या, हजर व्हायचं ठिकाण झालं. मग तिसरा परिच्छेद आला.

“‘रश्मीची पेनल्टी कॉर्नरवरची फ्लिक आम्ही सलग चार दिवस पाहिली. या वयात हा वेग आणि हा नेमकेपणा आमच्या प्रशिक्षकांनी क्वचितच पाहिला आहे.’”

“क्वचित म्हंजे?”

“म्हणजे... कधीतरीच. फार थोड्या वेळा.”

म्हातारा तिच्याकडं सरकून बसला. मग म्हणाला, “पुन्यांदा वाचा.”

पद्मानं पुन्हा वाचलं. तो ओठ हलवत ऐकत होता, पाठ करत असल्यासारखा. तेवढ्यात आत मैदानावर ‘धाड्’ असा आवाज झाला आणि दोघांनीही एकदमच माना वळवल्या.

मुली पेनल्टी कॉर्नरचा सराव करत होत्या. ऋता गोलाच्या रेषेवरून चेंडू आत ढकलायची, एकजण डीच्या टोकावर तो थांबवायची, आणि मारायला रश्मी. गोल रिकामाच होता. त्याच्या तळाशी लाकडी फळी होती, तिच्यावर चेंडू आपटला की आवाज व्हायचा.

“चला, जवळनं बगू,” म्हातारा उठला.

वर्षभर पद्मा हे बघत आली होती, पण शिक्षकाच्या डोळ्यानं. पाय कुठं पडला, खांदा उघडला का, हे बघणाऱ्या डोळ्यानं. आज त्या कागदामुळं असेल, की शेजारी श्वास रोखून उभ्या असलेल्या म्हाताऱ्यामुळं असेल, तिला ते पहिल्यांदाच दिसलं. रश्मी धावत आली नाही. ती वाहत आली. डावा पाय लांब पडला आणि सगळं अंग जमिनीलगत खाली गेलं, इतकं की आता ही पडणार. स्टिकनं चेंडूला मारलंच नाही. त्याला नुसतं सोबत घेतलं, ओल्या गवतावरून मागून पुढं ओढत नेलं, आणि अंग वळता वळता सोडून दिलं. पाण्याची एक बारीक रेघ हवेत उठली. चेंडू दिसला तो फळीवरून परत येताना. मधला प्रवास कुणाला दिसलाच नव्हता.

पद्माच्या अंगावर काटा आला. पहाटेच्या काकडआरतीला गाभाऱ्याचा पडदा बाजूला होतो तेव्हा येतो, तसा. हे तिनं शिकवलेलं नव्हतं. ही फ्लिक तिला स्वतःला कधी जमली नव्हती, तिच्या काळात ती कुणी मारतही नसे. पोरीनं मोबाइलवर बघून, दोनशे-दोनशे वेळा करून ती आणली होती. कुठून आणली? हे आपल्या हातून झालेलं नाही, पद्माला वाटलं. हे फक्त आपल्यासमोर झालं. आणि जे आपल्याला नुसतं बघायला दिलं होतं, ते आपण कपाटात कुलूप लावून ठेवायला निघालो.

“बाबा,” ती म्हणाली. आवाज नेहमीपेक्षाही हळू निघाला. “फॉर्म गेलेला नाही. माझ्या कपाटात आहे. मी काल तिच्याशी खोटं बोलले.”

भिवानं तिच्याकडं पाहिलं.  “म्हंजे जमतंय?”

“जमतंय.”

“मंग ह्ये आदी सांगायचं न्हाई व्हय!” म्हातारा तडकला. “सकाळच्या पारी दोन बशी बदलून आलो मी. त्यो कागुद ट्रंकंत टाकायचा म्हनून कुलपाला त्याल घातलं!” मग त्याचं त्यालाच काही वाटलं असावं. डोक्यावरची टोपी काढून त्यानं गुडघ्यावर झटकली. “आन तुमचं काय? तुमच्या संघाचं?”

“दहा राहतील.”

“धा जनींवर व्हतंय?”

“नाही.”

त्यानं टोपी परत डोक्यावर घातली. माफ केलं असं म्हणाला नाही, आणि पद्माला ते बरं वाटलं. तिनं रश्मीला हाक मारली. पोरगी धापा टाकत आली, आजोबांना बघून दचकली.

“रश्मी, काल मी तुला फॉर्म गेला म्हणाले...”

“नाही गेलेला,” रश्मी म्हणाली. “मला माहितीये, मॅम. मी काल दुपारी ऑफिसात गेले होते, गुरुदत्त सरांना तारीख विचारायला. ते म्हणाले, फॉर्म अजून त्यांच्याकडं आलाच नाही.”

पद्मा तिच्या जवळ सरकली. “मग बोलली का नाहीस?”

रश्मी स्टिकची पट्टी नखानं कुरतडत राहिली. “काय बोलणार? तुम्ही कधीच खोटं बोलत नाही. म्हटलं, बोललात म्हणजे तुम्हाला तेवढीच गरज असेल.” मग आजोबांकडं नजर टाकून हळूच म्हणाली, “यांना नाही सांगितलं. हे लगेच भांडायला आले असते.”

“आलो असतोच!” भिवा म्हणाला.

पद्मानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.  “दुपारी ऑफिसात ये,” एवढंच म्हणाली. “ना-हरकत पत्र तयार ठेवते.”

दुपारी गुरुदत्तनं पत्र टाइप केलं. कॉलेजातला जुना कारकून, पद्माच्याच बरोबरीचा. प्रिंटरमधून कागद येईस्तोवर तो चष्म्यावरून बघत राहिला. “मॅडम, शनिवार संध्याकाळपर्यंत वेळ आहे. एखादी मुलगी भरतीला मिळते का बघा. लायब्ररीतली ती इरा, ती धावते चांगली.”

“तिनं स्टिक हातात धरलेली नाही, गुरुदत्त.”

“नावापुरती हो. मैदानात उभी राहिली तरी झालं. सगळी कॉलेजं करतात.”

अर्ज पुढ्यात होता. खाली अकरा सह्या, त्यातली एक खोडायची होती. इराचं नाव घातलं तर कुणी विचारणारही नव्हतं. पद्मानं पेन हातात घेतलं. कालचं एक खोटं निस्तरायला आज दुसरं! तिनं अकराव्या नावावर सरळ रेघ ओढली, बाजूला सही केली आणि अर्ज तसाच पुढं सरकवला.

“दहाच नावं?” गुरुदत्त म्हणाला. “हा परत येणार मॅडम.”

“येऊ दे. आहेत तेवढी पाठवू.”

अर्ज सोमवारी दुपारीच परत आला. मंगळवारी प्राचार्यांनी नोटीस काढली. महिनाअखेरीपर्यंत मैदानाची वेळ होती, तेवढी वापरावी. पुढं हॉकी बंद. त्यात कुणाबद्दल वाईट शब्द नव्हता. पद्मानं ती मुलींना वाचून दाखवली. कुणीतरी नाक ओढलं. ऋता म्हणाली, “मॅम, महिनाअखेरीपर्यंत सकाळी सहालाच ना?” पद्मा म्हणाली, “सहालाच.”

बुधवारी रश्मीची शेवटची सकाळ होती. दुपारची गाडी होती. दहाच्या दहा मुली आल्या होत्या. भिवा जाळीबाहेर उभा होता, या वेळी इस्त्रीच्या सदऱ्यात. पहाटे पद्मानं अकरा नावं घेतली होती. अकराव्यापाशी काय मागायचं ते सुचलं नाही, म्हणून नुसतं नाव घेतलं आणि थांबली.

“शेवटचे कॉर्नर घेऊ,” ऋतानं टाळी वाजवली. “मॅम, नेम धरायला गोलात टायर टांगू का?”

पद्मानं त्या रिकाम्या चौकटीकडं पाहिलं. “टायर नको. पॅड आण.”

“कुणाला?”

“मला.”

मुली एकमेकींकडं बघत राहिल्या, मग खो-खो हसायला लागल्या. छप्पन्न वर्षांच्या मॅमना पॅड बांधायला तिघी लागल्या. एकीनं पट्टे ओढले, एकीनं छातीचं कवच बसवलं, तिसरीनं अंबाडा दाबून हेल्मेट घातलं. “मॅम, श्वास घेता येतोय ना?” “घेतेय गं.” हत्तीसारखी पावलं टाकत पद्मा गोलात जाऊन मधोमध उभी राहिली.

“म्याडम,” जाळीबाहेरून भिवा ओरडला, “डोळं मिटू नका बरं का!”

रश्मी डीच्या टोकावर स्टिक खाली टेकून उभी होती. हलत नव्हती. “मॅम, मी हळू मारते.”

“हळू मारायचं असेल तर मारू नकोस,” पद्मा म्हणाली.

ऋतानं चेंडू ढकलला. कुणीतरी तो थांबवला. पद्मानं डोळे उघडे ठेवले. बावीस वर्षं कडेला उभं राहून पाहिलेला खेळ ती पहिल्यांदा समोरून बघत होती, आणि समोरून त्याला सुरुवातच नव्हती. एक निळी जर्सी खाली गेली, पाण्याची रेघ उठली, उजव्या कानाशी वारा आला, आणि पाठीमागं फळी दणाणली. तिचा हात अजून जागचा हलला नव्हता.

 रश्मी डीच्या टोकावरूनच ओरडली. “लागलं नाही ना, मॅम?”

पद्मानं हेल्मेटमधूनच मान हलवली. चेंडू फळीपाशी अजून गरगरत होता. उचलायला वाकायला गेली, तर पॅडमुळं गुडघे वाकेनात. मग तिनं तो जड बुटानंच सरळ केला आणि हळूच पुढं ढकलला, डीच्या टोकाकडं, रश्मीच्या पायांशी जाऊन थांबेल इतकाच. आणि मागं सरकून, दोन्ही हात पुढं करून, पुन्हा मधोमध उभी राहिली.